सुवाह्य वीजसंचाची निवड

अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी तंबू पडतात. तेथे, तसेच वादळात वीज गेलेल्या घरी, सुवाह्य वीजसंच उपयोगी पडतो. खरेदीच्या वेळी ग्राहक बहुधा वॅटचा आकडा पाहतो; संच किती वेळ चालेल हे मात्र वॅट-तासांवर ठरते. ५०० वॅट-तासांच्या संचातून, घट वजा जाता, सुमारे ४२५ वॅट-तास हाती येतात. ५० वॅटचा पंखा व १० वॅटचा दिवा त्यावर सात तास चालतात. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असल्यास हा हिशेब आधीच मांडावा; ३०० वॅटचे ते यंत्र याच संचावर दीड तासही चालत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला जड, पण उष्णतेत अधिक सुरक्षित व टिकाऊ. ढगाळ दिवसांत सौरपत्र्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. संच घरूनच पूर्ण भरून न्यावा.