गाडीच्या संगणकाचा ताळा

विद्यार्थिमित्रहो, गेल्या सहामाहीत तुमच्यापैकी एकाने विचारले, “गुरुजी, गाडीच्या संगणकात कोणी बाहेरून फेरफार करून घेतला, तर तो विक्रेत्यास ओळखता येतो काय?” मी पडलो कलाशाखेचा पदवीधर! त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

हल्लीच्या मोटारीत इंजिनास किती इंधन व कोणत्या क्षणी द्यावयाचे, हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्यासाठी कंपनीने त्यात आकड्यांची कोष्टके भरलेली असतात. कडक ऊन, हलके इंधन, घाटातील विरळ हवा ह्यांचा विचार करून ती थोडे हातचे राखूनच मांडतात. ही कोष्टके बदलून राखलेली शक्ती वापरणे, ह्यालाच रीमॅपिंग म्हणतात. गाडी जोमाने धावते खरी. परंतु क्लच व टर्बो ह्यांवरील ताण वाढतो आणि पुष्कळदा धूरही वाढतो.

हे ओळखावे कसे? गुणाकार तपासण्यास आपण नवाचा ताळा करतो. संगणकातील सर्व आकड्यांवरूनही तशीच एक ताळ्याची संख्या निघते. ती कंपनीच्या नोंदीशी जुळली नाही, की फेरफार उघड होतो. नवाच्या ताळ्यास आकड्यांची अदलाबदल सापडत नाही. हा ताळा पुष्कळच कडक असतो. मूळ कोष्टके परत भरली तर ताळा जुळेल. परंतु कित्येक गाड्यांत कोष्टके किती वेळा लिहिली गेली ह्याचीही गणना असते. ती वाढलेलीच राहते. फोक्सवागन व ऑडी ह्यांच्या दप्तरात तर अशा गाडीपुढे ‘टीडी१’ अशी खूण पडते आणि हमीचा दावा अडतो.

मात्र संगणकास न शिवता बाहेरून जोडलेली पेटी काढून घेतली, तर खूण सापडणे कठीण. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये इतके खोल सहसा कोणी पाहतही नाही. इंजिन मोडून मोठा दावा आला म्हणजे पाहतात. सारांश, फेरफार बहुधा ओळखता येतो, पण प्रत्येक वेळी ओळखला जातोच असे नाही.

मग न सापडल्यास बिघडले काय? ह्याचे उत्तर २०१५ साली मिळाले. खुद्द फोक्सवागन कंपनीनेच आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात लबाडी केली होती. प्रयोगशाळेत परीक्षा चालू आहे, हे सुकाणूच्या स्थितीसारख्या खुणांवरून संगणक ओळखी व तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हा बिंग फुटले. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर त्याच वर्षी ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले.

आपल्या कोयलीस १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि दहा लाख भागांतील गंधकाची मर्यादा ५० भागांवरून १० भागांवर उतरली. धूर गाळणारी यंत्रे नीट चालावीत, हाही त्यामागील एक हेतू. इकडे एवढ्या खटाटोपाने इंधन शुद्ध करावे, आणि तिकडे हौसेखातर ते गाळणेच निकामी करावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. विक्रेत्याच्या यंत्रास फसविता येईल. परंतु त्या गाडीमागून सायकलवर शाळेस येणाऱ्या मुलाच्या छातीस फसविता येत नाही. तोही एक ताळाच आहे.