आधी लिहून घ्या, मग बॅग भरा

प्लेसमेंटचं पत्र आलं की पेढे वाटून होईपर्यंत घरात आनंदीआनंद असतो. मग आई विचारते, "राहणार कुठं?" आणि तिथून पुढं घरातलं कुणी नीट झोपत नाही. मी अंबाजोगाईची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली म्हणून पुण्याला आले, ती इथंच नोकरीला लागले. आता दर जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या मुलींचे फोन येतात, "ताई, रूम कशी बघू?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे. मुलांनाही यातलं बरंच लागू पडेल.

माझी सोय गावाहूनच झाली होती. भोसरीतली इमारत, एका खोलीत तीन कॉट, कॉट बेसिसवर भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. मालकीणबाईंना मी स्पष्ट विचारलं होतं की मला पाळ्या असतील, दुसरी पाळी सुटून यायला रात्रीचे बारा वाजतील, चालेल ना? "चालेल की, आमच्याकडं कंपनीच्याच मुली राहतात," त्या म्हणाल्या. घरून आबांनी वेगळा फोन करून तेच पुन्हा विचारून घेतलं. आम्ही कागदही मागितला होता. त्यावर "कॉट बेसिसला कुठं ॲग्रीमेंट असतं का?" असं उत्तर आलं.

सुरुवातीला जनरल शिफ्ट होती, सगळं सुरळीत चाललं. मग दुसरी पाळी लागली. पहिल्याच रात्री कंपनीच्या बसनं चौकात उतरवलं, गल्लीत आले तर लोखंडी गेटला आतून साखळी आणि साखळीला कुलूप. केअरटेकरचा फोन बंद. वर आमच्या खोलीचा दिवा चालू होता आणि रूम पार्टनर खिडकीतून हातवारे करून सांगत होती की किल्ली तिच्याकडं नाही. मालकीणबाईंनी बऱ्याच वेळानं फोन उचलला. म्हणाल्या, "गेट दहाला बंद होतं. नियम सगळ्यांना सारखा. एवढ्या रात्री येणाऱ्या मुली आम्ही ठेवत नाही." समोरचे मेडिकलवाले काका शटर ओढायच्या बेतात होते. त्यांनी मला पाहिलं, अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं आणि आत स्टुलावर बसवलं. केअरटेकर येईपर्यंत काका दुकान उघडं ठेवून थांबले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात मला खोली सोडायला सांगितलं आणि वर "महिन्याची नोटीस न देता सोडली" म्हणून डिपॉझिट ठेवून घेतलं. माझ्या वेळी डिप्लोमावाल्या अप्रेंटिसला सरकारनं ठरवलेलं किमान विद्यावेतन महिन्याला ८००० रुपये होतं. त्या पैशांत राहणाऱ्या मुलीचं दोन महिन्यांचं डिपॉझिट बुडणं म्हणजे काय, हे मालकलोकांना कळत नसेल असं मला वाटत नाही. चांगलं कळतं. पोरगी परगावची आहे, एकटी आहे, वर्षभरात निघून जाईल, हेही कळतं.

कॉट बेसिसला ॲग्रीमेंट नसतं, हे खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी लागतो, त्याची नोंदणी लागते आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आपल्या कामाची गोष्ट तर पुढंच आहे. नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं असेल तर मालकानं पुरावा द्यायचा. आमच्या लाइनवरच्या एका ताईंचे भाऊ वकिलाकडं कारकून आहेत, त्यांनी मला हे समजावलं आणि मालकीणबाईंना फोनवर हेच वाचून दाखवलं. डिपॉझिट भरल्याची यूपीआयची नोंद माझ्याकडं होतीच. पैसे हप्त्यानं परत आले, रंगाच्या नावाखाली थोडे कापून.

एक मात्र लक्षात ठेवा. मालक स्वतः त्याच घरात राहून तुम्हाला एक खोली किंवा कॉट देत असेल, तर या कायद्याच्या भाषेत तुम्ही पेइंग गेस्ट ठरता आणि लायसन्सीच्या व्याख्येतून बाहेर पडता. तिथं कलम ५५ वर विसंबू नका, काय ठरलं ते कागदावर घ्या.

नोंदणी हल्ली अवघड राहिलेली नाही. नोंदणी खात्याच्या ऑनलाइन पद्धतीनं ॲग्रीमेंटवाले घरी येऊन अंगठे घेतात, आधार कार्ड लागतं. शहरात नोंदणी फी १००० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क आणि एजंटाचा मेहनताना. खोलीतल्या मुलींनी वाटून घेतला तर हा खर्च जड जात नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हेही मालकाचं काम. त्यासाठी तुमच्याकडं कागद मागितले तर खुशाल द्या, उलट तसं मागणारं घर मला जास्त भरवशाचं वाटतं.

तरीही काही मालक नाहीच म्हणतात आणि कामावर तर सोमवारी हजर व्हायचं असतं. अशा वेळी जागा बघून आलात की त्याच दिवशी मेसेज टाका. माझा मेसेज असा असतो: "काकू, आज ठरल्याप्रमाणे भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, सोडताना महिनाभर आधी सांगायचं आणि दुसऱ्या पाळीच्या दिवशी रात्री बारापर्यंत गेट उघडून मिळेल. बरोबर ना?" त्यावर नुसता "हो" आला तरी तो पुरावा आहे. उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नका. पैसे रोख नकोत, यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात "डिपॉझिट" लिहा. गेटची वेळ, लाइटबिलाचा हिशेब, पाणी किती वाजता येतं, कपडे वाळत कुठं घालायचे, हेही त्याच मेसेजमध्ये घाला. विचारायला संकोच वाटतो, माहीत आहे. पण पैसे द्यायच्या आधी मालक जितकं गोड बोलतात तितकं नंतर बोलत नाहीत.

खोली न दाखवता "टोकन पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन जाहिरातीत लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे भामटे बरेच आहेत. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे आईवडिलांनाही सांगून ठेवा. कुणी फसवलंच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

जागा निवडताना मैत्रीण कुठं राहते हे नंतर, कंपनीची बस कुठं थांबते हे आधी बघा. नकाशावर चाकण आणि भोसरी जवळ दिसतात, पण पुणे-नाशिक रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग लागली की अंतराला काही अर्थ उरत नाही. पाळीच्या वेळेला एकदा जाऊन बघा, दुपारच्या मोकळ्या रस्त्यावरून अंदाज बांधू नका. माझ्या वेळी मेट्रोच्या नकाशावर भोसरी नावाचं स्टेशन होतं ते नाशिक फाट्यावर. खरी भोसरी तिथून बरीच पुढं. त्या नावावर जाऊन खोली घेतलेली एक मुलगी रोज दोन वाहनं बदलायची. आणि मुलींनो, रात्रीच्या पाळीला कंपनीची गाडी चौकात सोडणार की दारापर्यंत, हे एचआरला मेलवर विचारा. मी विचारलं तेव्हा गाडी दारापर्यंत यायला लागली, आणि माझ्या आधीच्या मुलींना ती का मिळत नव्हती याचं कुणाकडं उत्तर नव्हतं.

कामाच्या कागदांचंही तेच. "ट्रेनी" म्हणून घेतात, पण हातात ठेकेदाराच्या नावाचा गेटपास देतात, असं घडतं. तुमचा करार १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांची नोंद सरकारच्या नॅट्स पोर्टलवर दिसते. ती नसेल तर वर्षाअखेरचं सरकारी प्रमाणपत्रही मिळत नाही. या कायद्यानं अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. मात्र या कायद्याखालच्या अप्रेंटिसला ईएसआयचा विमा लागू नाही. म्हणून आजारपणाचे पैसे वेगळे ठेवा आणि आधीपासूनची काही औषधं चालू असतील तर ती गावाहून घेऊन या.

जेवणाचं फार सांगत नाही. मेस लावताना खाडा धरतात का आणि दुसऱ्या पाळीला डबा मिळतो का, एवढं विचारा. आधी आठवड्याचेच पैसे भरा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी बँका, सरकारी कचेऱ्या उघड्या असतात, तेव्हा कागदांची कामं गुरुवारी काढा. घरी जायचं तर २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पहिले दोन महिने मन लागत नसेल तर मुकाट्यानं रडत बसू नका, जाऊन या.

खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखा, गादी आणि मीटरवरचा आकडा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडताना तेच फोटो त्याच कोनातून पुन्हा काढा. सोडणार असल्याचं महिनाभर आधी मेसेजनं कळवा आणि डिपॉझिट कोणत्या तारखेला मिळणार हे त्याच मेसेजमध्ये विचारा. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला मालक तयार असेल तर तसं लेखी घ्या, नाहीतर हिशेब पूर्ण झाल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका.