शिडाची नौका आणि मिटणारा पंखा

आपल्या उपनगरांच्या पश्चिमेस समुद्र आहे, याचा विसर लोकलच्या गर्दीत सहज पडतो. अंधेरीजवळचे वेसावे, मालाडचे मढ, बोरिवलीपलीकडील गोराई येथील कोळी बांधवांच्या होड्या एके काळी शिडावर चालत. आज त्या डिझेल इंजिनावर चालतात. ओहोटीत होडी कोरडी पडली की तिच्या मागील बाजूस, सुकाणूपुढे, धातूचा पंखा दिसतो. त्याच पंख्याविषयीचा एक छोटा पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

कोळ्यांच्या होडीचे इंजिन प्रवासभर चालते. म्हणून तिला पक्का, न मिटणारा पंखाच योग्य. शिडाच्या नौकेचे गणित निराळे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता सुमारे २३,००० सागरी मैल कापून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे १५० मैल, तेही वाऱ्याच्या बळावर. अशा प्रवासात इंजिन बंद असताना पाण्याखालचा पंखा काय करतो?

घरी बादलीत पाणी घेऊन पळी ओढून पाहावी. पसरट बाजूने ओढली तर हाताला जोर लागतो. कडेने ओढली तर ती सहज सरकते. थांबलेला पक्का पंखा पहिल्या पळीसारखा नौकेस मागे खेचतो. समजा, त्यामुळे वेग ताशी अर्धा सागरी मैल घटला; तर २४ तासांत १२ मैल आणि १५० दिवसांत १,८०० मैल गमावले जातील.

यावर उपाय म्हणजे मिटणारा पंखा. त्याची पाती बिजागरीवर बसवलेली असतात. इंजिन सुरू होऊन दांडा फिरू लागला की केंद्रोत्सारी बलाने पाती उघडतात. इंजिन बंद करून दांडा रोखला की वाहते पाणी त्यांना मागे ढकलते आणि कळीच्या पाकळ्यांप्रमाणे ती मिटतात. दांडा फिरत राहिला तर मात्र ती मिटत नाहीत. म्हणून गिअर टाकून तो थांबवावा लागतो.

परंतु लाभाबरोबर किंमतही येते. पुढे जाताना पाण्याचा रेटा पात्यांना उघडे ठेवतो. मागे जाताना तोच रेटा त्यांना मिटवू पाहतो. त्यामुळे मागे घेण्याची ताकद बहुधा कमी पडते. धक्क्याला लागताना नौका थांबवायची ती याच ताकदीने. म्हणून पंखा बदलल्यावर मोकळ्या पाण्यात थांबण्याचे अंतर पुन्हा अजमावल्याखेरीज गर्दीत शिरू नये. आपल्या कोमट समुद्रात बिजागरीवर शिंपल्यांसारखे कठीण जीव लवकर चिकटतात. एक पाते उघडले आणि दुसरे अडकले, तर दांडा थरथरतो व बेअरिंग झिजते. दोर वा जाळे गुंतण्याची शक्यता मात्र मिटलेल्या पंख्यात घटते.

बदल करणाऱ्याने दांड्याचा व्यास व उतार, फिरण्याची दिशा, पंख्याचा व्यास आणि नौकेच्या तळापासूनचे अंतर मोजूनच निवड करावी. गंज रोखणारा जस्ताचा तुकडाही वेळोवेळी बदलावा.

तात्पर्य, पंखा चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. नौका कोणती, तिचा प्रवास कोणता, हे आधी विचारले पाहिजे. दिवसभर इंजिनावर राबणाऱ्या होडीस मिटणारा पंखा म्हणजे वायफळ खर्च. महिनोन्‌महिने वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेस तो वरदान. कोणतेही नवे साधन घरात वा शाळेत आणताना हाच प्रश्न आपण प्रथम विचारावा, एवढीच आमची विनंती.