मृत सैनिकांसाठी वर्गणी

वाचन : मक्काबीचे दुसरे पुस्तक १२:३८-४५



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणार्थ पाळतो. २ तारखेला कबरींवर मेणबत्त्या लावतो, मिस्सा अर्पण करतो. मृतांसाठी प्रार्थना का करावी, हे सांगताना ख्रिस्तसभा वरील वाचनाचा आधार घेते. हे वाचन मुळात युद्धात पडलेल्या सैनिकांविषयी आहे.

लढाईनंतर यहुदा मक्काबीचे लोक आपल्या सैनिकांची प्रेते उचलायला गेले. तेव्हा प्रत्येक मृताच्या अंगरख्याखाली परदैवतांचे ताईत सापडले. नियमशास्त्रात त्यांना मनाई होती. तरी यहुदाने आपल्या माणसांना टाकून दिले नाही. सर्वांनी मिळून त्यांच्या पापक्षमेसाठी प्रार्थना केली. मग माणशी वर्गणी काढून यहुदाने चांदीची सुमारे २००० नाणी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली. मृत पुन्हा उठतील, अशी त्याची आशा होती.

यातून आपण दोन गोष्टी शिकतो.

पहिली : स्मरण हे सर्वांचे काम आहे. पुण्यातील युद्ध स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले व १९९८ साली खुले झाले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्यांचे स्मारक गावात आहे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्याचा निधी वीरपत्नी, अपंग जवान व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असतो.

दुसरी : ज्याचे स्मरण करायचे तो निर्दोष असलाच पाहिजे, असे नाही. स्मारकाला हार घालायला आपण पुढे होतो. पण लढाईहून परतलेला, रात्री झोप न लागणारा, कधी दारूच्या आहारी गेलेला माजी सैनिक शेजारी असला, तर आपण त्याला टाळतो. यहुदाने ताईत पाहिले, तरीही वर्गणी काढली.

मग आपण काय करू शकतो? आपल्या समूहातील माजी सैनिक व वीरपत्नी यांच्या घरी जाऊ या, त्यांचे ऐकून घेऊ या. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. त्यासाठी आपले तरुण वृद्धांना मदत करू शकतात. अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जाऊ या. विश्वासूंच्या प्रार्थनेत मृत सैनिकांची आठवण करू या, शत्रूपक्षाच्या मृतांचीही.

मननासाठी : आपल्या धर्मग्रामातील किती माजी सैनिकांना आपण नावाने ओळखतो?

प्रार्थना : हे प्रभो, युद्धात मरण पावलेल्यांना चिरशांती दे. जे परतले त्यांना एकटे न सोडण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.