चार हेक्टरांच्या वाळूगटालाही मंजुरी लागते?

प्रश्न : आमच्या नदीतल्या वाळूगटाचा लिलाव झाला. गट जेमतेम चार हेक्टरांचा. त्याला पर्यावरण मंजुरी लागत नाही, असं सांगतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. पाच हेक्टरांखालची ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात बंद केली. छोटे-छोटे गट पाडून अख्खं पात्र खरवडलं जात होतं.

तुम्ही मंजुरीचा आधार असलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मागवा आणि त्यात पुनर्भरण अभ्यास शोधा. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची पातळी मोजून नदीने किती वाळू नव्याने आणली, हे त्यात ठरतं. खरी मेख इथेच आहे. अभ्यासाविना असा अहवाल ग्राह्य नाही, असं न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मंजुरी दिलीच, तर तीस दिवसांत पुण्याच्या हरित लवादात अपील करा.