व्हॅक्यूम गेजचा काटा काय सांगतो?

पेट्रोल मोटारीचे इंजिन नीट चालेनासे झाले की ते उघडण्याची घाई होते व नाहक खर्च पडतो. त्यापूर्वी व्हॅक्यूम गेज लावून पाहणे हिताचे आहे. इंजिनातील दट्ट्या हवा ओढतो. परंतु मंद चालीत थ्रॉटलची झडप बहुतांशी मिटलेली असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधील हवा विरळ होते. हे प्रमाण गेजवर पाऱ्याच्या इंचांत दिसते.

गेजची नळी मॅनिफोल्डला जोडावी व इंजिन तापल्यावर मंद चालीत वाचन घ्यावे. समुद्रसपाटीजवळ काटा 17 ते 21 इंचांवर स्थिर असल्यास इंजिन सामान्यतः ठीक समजावे. दर 1,000 फूट उंचीस वाचन सुमारे 1 इंच घटते. म्हणून महाबळेश्वरी 14 इंच वाचन आल्यास तो दोष मानू नये.

काटा स्थिर पण बराच खाली असल्यास ठिणगी उशिरा पडत असावी, अथवा जोडातून हवा शिरत असावी. काटा ठराविक अंतराने खाली झटके देत असल्यास एखादी झडप जळालेली असण्याचा संभव असतो. इंजिनाची गती वाढवून कायम ठेवली असता वाचन हळूहळू घसरल्यास सायलेन्सर तुंबला आहे काय, हे तपासावे.

डिझेल ट्रॅक्टरच्या इंजिनात सामान्यतः अशी झडप नसल्याने ही परीक्षा त्यास लागू नाही. पेट्रोल मोटारीचे जोड व नळ्या प्रथम तपासाव्यात. इंजिन उघडणे हा शेवटचा उपाय होय.