घोरणे आणि मधुमेह

कोणी घोरू लागले, की आपण हसतो. माणूस गाढ झोपला आहे, असे आपल्याला वाटते. पण नेहमी तसे नसते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद होते आणि घोरण्याचा आवाज येतो. काही माणसांची ही वाट मधूनमधून पूर्ण बंद होते. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू कमी होतो. मग मेंदू त्यांना क्षणभर जागे करतो. रात्रीतून असे अनेकदा घडते. सकाळी मात्र काहीच आठवत नाही. या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात.

श्वास थांबणे हे शरीराला संकट वाटते. संकटाच्या वेळी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. रोज रात्री असे घडले, तर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. लठ्ठपणामुळे दोन्ही आजार बळावतात. वजन कमी केल्यास दोन्हींत आराम पडतो.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी एक उपाय मांडला. नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवायची. हा उपाय आजही वापरतात.

मुलांनो, झोपलेल्याला आपला श्वास थांबलेला कळत नाही. तो जवळच्यांनाच कळतो. अब्बा किंवा चाचा घोरता घोरता एकदम गप्प होत असतील आणि दिवसा पेंगत असतील, तर हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा.

शब्दार्थ : अरुंद - तंग, यकृत - जिगर, पेंगणे - डुलक्या घेणे

प्रश्न : श्वास थांबल्यावर रक्तातील साखर का वाढते?